शुगरचा सेन्सर घेताय? आधी रात्रीचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६४ वर्षांची, वडिलांबरोबर साताऱ्याला राहते. टाइप २ मधुमेह १८ वर्षांपासून. सकाळी नाश्त्याआधी आणि रात्री जेवणाआधी ३०/७० चं मिश्र इन्सुलिन, जोडीला मेटफॉर्मिन. एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरची रक्ततपासणी) ७.६, म्हणजे कागदावर ठीकच. पण गेल्या महिन्यात तीनदा ती पहाटे घामाने भिजून उठली आणि एकदा तर बोलणंही अडखळत होतं. प्रश्न विचारणारा मुलगा पुण्यात. मेडिकलवाला म्हणतो, दंडाला सेन्सर (त्वचेला चिकटून दिवसरात्र शुगर मोजणारी चकती) लावा, बोट टोचायची कटकट गेली. कोणता सेन्सर घ्यावा, खर्च किती, आणि बोट टोचणं खरंच सुटतं का?

सेन्सरच्या आधीचं काम आधी. पहाटेचा घाम आणि अडखळतं बोलणं म्हणजे शुगर उतरली असंच धरून चाला. त्यासाठी सेन्सर येण्याची वाट बघू नका. उद्या सकाळी डॉक्टरांना फोन करून रात्रीच्या डोसबद्दल विचारा. तोवर दोन-तीन रात्री ३ वाजताचा गजर लावून ग्लुकोमीटरवर बोटाची शुगर बघा आणि आकडा वेळेसकट वहीत लिहा. आईच्या उशाशी ग्लुकोज पावडरचा डबा आणि पाणी ठेवा. ७० च्या खाली आकडा आला की १५ ग्रॅम ग्लुकोज, किंवा तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यात, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. कुशीवर वळवायचं आणि १०८ ला फोन लावायचा. हे वडिलांना एकदा नीट समजावून सांगा, कारण त्या वेळी खोलीत तेच असणार आहेत.

पहाटेच का उतरते, याचं उत्तर इन्सुलिनच्या कुपीवरच्या आकड्यात आहे. ३०/७० म्हणजे ३० भाग लवकर काम करणारं इन्सुलिन आणि ७० भाग सावकाश काम करणारं. रात्री ८ ला घेतलेल्या डोसमधल्या ३० भागाचा जोर मुख्यतः जेवणावर खर्च होतो. ७० भागाचा जोर येतो मध्यरात्रीनंतर, साधारण १२ ते ४ च्या दरम्यान, जेव्हा पोटात काही नसतं. त्यातून एखाद्या दिवशी एकादशी म्हणून नुसतं दूध-फळ घेतलं आणि डोस मात्र रोजचाच राहिला, तर पहाट जड जाणारच. एचबीए१सीमध्ये यातलं काही दिसत नाही. ७.६ म्हणजे सरासरी शुगर साधारण १७१. पहाटेचे ५५ आणि दुपारचे २९० मिळूनही सरासरी तेवढीच येते. (सगळे आकडे भारतात वापरतात त्या मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये.)

म्हणजे तुम्हाला सेन्सरकडून हवं काय आहे? पहाटे अडीचला, आई झोपेत असताना, शुगर ७० कडे निघाली की कुणाला तरी जाग यावी, एवढंच. निवड इथून सुरू करायची. कंपनी, अचूकतेचा टक्का, ॲप किती देखणं, हे सगळं नंतर.

सेन्सरमध्ये मूळ फरक दोनच: आपणहून अलार्म देणारे आणि न देणारे. दुकानात सगळे डबे सारखेच दिसतात, चकत्याही सारख्याच. भारतात ॲबटचं लिब्रे कुटुंब सगळ्यांत जास्त दिसतं, म्हणून त्याचंच उदाहरण घेऊ. लिब्रे प्रो हा डॉक्टरांनी लावायचा सेन्सर. १४ दिवस तो मुकाट नोंद करतो, रुग्णाला काहीच दिसत नाही, आणि शेवटी दवाखान्यातल्या रीडरवर (सेन्सर वाचणाऱ्या छोट्या यंत्रावर) अहवाल निघतो. पहिला साधा लिब्रे दंडाजवळ रीडर किंवा फोन नेऊन स्कॅन केला की आकडा दाखवतो, पण स्वतःहून ओरडत नाही. शिवाय त्याची स्मृती ८ तासांची आहे. रात्री १० ला स्कॅन केलं आणि थेट सकाळी ७ ला केलं, तर मधला एक तास कायमचा गेला. लिब्रे २ पासून पुढे ब्लूटूथ आणि अलार्म आले. लिब्रे २ १४ दिवस चालतो, लिब्रे २ प्लस १५ दिवस. लिब्रे ३ तर दर मिनिटाला आकडा आपणहून फोनवर पाठवतो. तेव्हा दुकानात नुसता ‘लिब्रे’ मागू नका. डब्यावरचं पूर्ण नाव वाचा आणि ‘शुगर कमी झाल्यावर हा आपोआप वाजतो का?’ असं सरळ विचारा. तुमच्या आईसाठी न वाजणारा सेन्सर फुकट मिळाला तरी तो चुकीचाच.

डेक्सकॉम कंपनीचे जी६ आणि मूळचा जी७ हे १० दिवसांचे. जी७ वर १२ तासांची सवलत मिळते, जुना काढून नवा लावायला. त्यांचा एक गुण रात्रीसाठी खरा मोलाचा आहे: पुढच्या २० मिनिटांत शुगर ५५ पर्यंत जाईल असा अंदाज आला की ते आधीच इशारा देतात. मेडट्रॉनिकचे गार्डियन मालिकेतले सेन्सर ७ दिवसांचे आणि प्रामुख्याने त्यांच्या पंपाबरोबर चालणारे. उद्या घरात कुणाला इन्सुलिन पंप बसवायचा असेल तर सेन्सर पंपच ठरवतो, कारण पंप ठरावीक सेन्सरचंच ऐकतो. आईच्या बाबतीत तो प्रश्न नाही. त्वचेखाली बसवायचा, कित्येक महिने टिकणारा एव्हरसेन्स नावाचा प्रकारही आहे, पण तो छोट्या शस्त्रक्रियेने बसतो. इथे त्याचा विचार नको.

आता फोन. सेन्सर निवडताना लोक इथे सगळ्यांत जास्त फसतात. लिब्रे २ चा सेन्सर सुरू करायला फोनमध्ये एनएफसी (फोन जवळ नेऊन स्कॅन करण्याची सोय) लागतं आणि दहा-पंधरा हजारांच्या अनेक अँड्रॉइड फोनमध्ये ते नसतंच. फोनच्या सेटिंगमध्ये ‘एनएफसी’ शोधून बघा. नसेल तर कंपनीचा स्वतंत्र रीडर घ्यावा लागेल. रीडर आणि फोन दोन्ही असतील तर लक्षात ठेवा, लिब्रे २ मध्ये सेन्सर ज्या यंत्राने सुरू केला त्याच यंत्रावर अलार्म वाजतो. आईचा सेन्सर तुम्ही स्वतःच्या फोनने सुरू करून पुण्याला परत गेलात, तर साताऱ्यात काहीच वाजणार नाही.

ब्लूटूथचा पल्ला लिब्रे २ चा साधारण ६ मीटर आणि लिब्रे ३ चा १० मीटर, तोही मध्ये भिंत नसताना. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला आणि आई आतल्या खोलीत, तर संबंध तुटतो. चार्जरची जागा बदला, फोन पलंगाजवळ आणा. मग फोनची सेटिंग. शाओमी, ओप्पो, विवो, रिअलमी यांसारखे फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी ॲप बंद करून टाकतात. सेन्सरच्या ॲपला बॅटरीचं बंधन काढून टाका, सूचनांना पूर्ण परवानगी द्या, आणि ‘व्यत्यय आणू नका’ चालू असतानाही हे ॲप वाजेल अशी सूट द्या. फोनच्या प्रणालीचं अपडेट आलं की या परवानग्या पुन्हा तपासा. कानातलं ब्लूटूथ हेडफोन जोडलेलं राहिलं तर अलार्म तिकडे जातो आणि खोलीत शांतता. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने) फेब्रुवारी २०२५ मध्ये फोनवर अवलंबून असलेल्या मधुमेहाच्या उपकरणांचे इशारे नेमके याच कारणांनी चुकतात, असा इशारा दिला होता. सगळं लावून झाल्यावर अलार्मची मर्यादा मुद्दाम वर नेऊन एकदा वाजवून बघा. लिब्रे २ मध्ये कमी शुगरची मर्यादा ६० ते १०० पर्यंत ठेवता येते. आईची शुगर ९५ असताना मर्यादा १०० केली की वाजायला हवं. वाजलं नाही तर दोष कुठे आहे ते दिवसाउजेडी सापडेल.

मुलाच्या फोनवर आकडा दिसण्याची सोय बहुतेक सगळ्यांत आहे. लिब्रेच्या ‘लिब्रेलिंकअप’ ॲपवर २० जण, डेक्सकॉमच्या ‘फॉलो’ ॲपवर १० जण बघू शकतात. पण त्यासाठी आईच्या फोनला रात्रभर इंटरनेट हवं. आणि समजा पहाटे अडीचला पुण्यात तुमचा फोन वाजला, तर पुढे काय? वडिलांना ऐकू कमी येत असेल, ते उठले नाहीत, तर दार कोण उघडणार? शेजारच्यांकडे किल्ली ठेवा, त्यांचा नंबर वेगळ्या रिंगटोनने साठवा, त्यांना साखरेच्या पाण्याचं माप सांगून ठेवा. हे ठरलेलं नसेल तर दुसऱ्या गावात वाजणाऱ्या अलार्मने काळजी वाढते, आईला काही मिळत नाही.

मर्यादा किती ठेवायची? कंपनी ७० ठेवते. मी अशा रुग्णासाठी रात्री ८० ठेवायला सांगेन, आणि त्याचं कारण सेन्सर काय मोजतो यात आहे. त्या चकतीखाली साधारण ५ मिलिमीटरची केसासारखी तार त्वचेत असते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून आकडा काढतात. पण ती तार रक्तात नसते, पेशींच्या मधल्या पाण्यात असते. रक्तातला बदल तिथे पोचायला साधारण ५ ते १० मिनिटं लागतात. शुगर स्थिर असेल तर या उशिराने काही बिघडत नाही. घसरत असेल तर बिघडतं. लिब्रेचा सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त घसरण, तिरका म्हणजे १ ते २, आडवा म्हणजे १ पेक्षा कमी. समजा पडद्यावर ८८ आणि बाण सरळ खाली. १० मिनिटांचा उशीर गुणिले २, म्हणजे रक्तात आत्ताच ६८ असू शकतात. तेच ८८ आणि बाण आडवा असेल तर निवांत झोपा. आकड्याआधी बाण बघायची सवय आईला पहिल्याच आठवड्यात लावा.

जास्त शुगरचा अलार्म मात्र सुरुवातीला बंद ठेवा, किंवा ३०० वर. पहिल्याच दिवशी पोह्यांनंतर, चहाबिस्किटांनंतर, दुपारी, रात्री असं दहादा वाजलं की माणूस कंटाळून सगळेच अलार्म बंद करतो. मग ज्यासाठी पैसे घातले तोच गेला.

उशिराचा दुसरा फटका उलट्या बाजूने बसतो. आईने साखरेचं पाणी घेतलं, १५ मिनिटं झाली, सेन्सर अजून ६१ च दाखवतोय. वडील घाबरून अजून एक पेला देतात, वर एक लाडू. तासाभराने २८०. रक्तात शुगर वर आलेली असते, फक्त तारेपर्यंत पोचलेली नसते. म्हणून शुगर उतरल्यावरची फेरतपासणी बोटानेच करायची. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच: बोट टोचणं कमी होतं, सुटत नाही. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील, सेन्सर लावल्याचा पहिला दिवस असेल, पडद्यावर आकड्याऐवजी ‘एलओ’ (मापाच्या खाली) किंवा ‘एचआय’ (मापाच्या वर) आलं असेल, किंवा बाण सरळ वर-खाली असताना इन्सुलिन घ्यायचं असेल, तर बोट टोचायलाच हवं. हात धुऊन. हापूस चिरून तसंच बोट टोचलं तर ग्लुकोमीटर आंब्याची शुगर दाखवतो.

अचूकतेच्या जाहिरातीत ‘मार्ड’ नावाचा टक्का असतो: प्रयोगशाळेच्या मापापासून सेन्सर सरासरी किती टक्के दूर जातो तो. पहिल्या लिब्रेचा ११.४, लिब्रे २ चा ९ च्या थोडा वर, लिब्रे ३ चा ७.९, दंडावरच्या डेक्सकॉम जी७ चा ८.२. कमी तितकं चांगलं, हे खरं. पण हे टक्के ज्याच्या त्याच्या वेगळ्या चाचण्यांतले आहेत, वेगळ्या लोकांवर, म्हणून ७.९ आणि ८.२ यांत डावं-उजवं करण्यात अर्थ नाही. ११ आणि ८ मध्ये मात्र आहे, आणि तो फरक नेमका कमी शुगरच्या टप्प्यात जाणवतो. घरी तुलना करताना एवढं धरा: ग्लुकोमीटरलाही नियमाने १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ अंकांची मुभा आहे. सेन्सर १५८, मीटर १७६? दोघंही खरं बोलताहेत. सेन्सर १५८ आणि मीटर ८४, तोही बाण आडवा असताना, हात धुतलेले असताना आणि दोनदा तपासून, तर तो सेन्सर बदला.

सेन्सरला फसवणाऱ्या काही गोष्टी घरातच असतात. चघळायच्या व्हिटॅमिन सीच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सर्दी झाली की आपल्याकडे चॉकलेटसारख्या खाल्ल्या जातात. दिवसाला ५०० च्या वर गेलं की लिब्रे २ खरी असेल त्यापेक्षा जास्त शुगर दाखवू शकतो. आईसाठी ही धोक्याची दिशा आहे, कारण उतरलेली शुगर झाकली जाते आणि अलार्म उशिरा वाजतो. मेडट्रॉनिकच्या गार्डियनला पॅरासिटामॉलने असाच चकवा बसतो. डेक्सकॉम जी६-जी७ ला नेहमीच्या मात्रेतलं पॅरासिटामॉल, म्हणजे ६ तासांत १ ग्रॅमपर्यंत, चालतं. पण हायड्रॉक्सियुरिया हे औषध डेक्सकॉम आणि मेडट्रॉनिक दोघांनाही खोटा वाढीव आकडा दाखवायला लावतं. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलचे (रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो. सिकलसेलमध्ये एचबीए१सी भरवशाचा राहत नाही, म्हणून सेन्सर सुचवला जातो, आणि त्याच रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया चालू असतं. डॉक्टरांना औषधांची पूर्ण यादी दाखवल्याशिवाय तिथे सेन्सर ठरवू नये.

खर्चाकडे येऊ. सेन्सरची किंमत दुकानाप्रमाणे आणि मॉडेलप्रमाणे बदलते, म्हणून हिशेबापुरते एकाचे ५,००० रुपये धरा आणि तुमचा खरा भाव त्या जागी घाला. १४ दिवसांचा सेन्सर वर्षभर म्हणजे २६ सेन्सर, १,३०,००० रुपये. त्याच किमतीचा १० दिवसांचा असेल तर ३७ सेन्सर, १,८५,०००. म्हणून डब्याची किंमत बघू नका, दिवसाची काढा. तुलनेला ग्लुकोमीटरची स्ट्रिप: २० रुपयांची एक, दिवसाला चार, वर्षाला २९,२००. सेन्सर लावला तरी महिन्याला एक डबी स्ट्रिप लागणारच, ती त्यात मिळवा. विमा असेल तर पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च आणि असं उपकरण बसतं का, हे कंपनीकडून लेखी घ्या.

माझा सल्ला वर्षभराचं ठरवू नका असाच आहे. अलार्मवाले चार सेन्सर सलग लावा, म्हणजे साधारण दोन महिने, आणि पाचवा घरात राखीव. या दोन महिन्यांत डॉक्टर डोस किंवा इन्सुलिनचा प्रकार बदलतील आणि बदलाचा परिणाम रोज रात्री दिसेल. पहाटेचं उतरणं थांबलं आणि आईला उतरताना लक्षणं नीट कळत असतील, तर पुढे तीन महिन्यांतून एक सेन्सर पुरतो. १८ वर्षांच्या मधुमेहात ती लक्षणं कळेनाशी होऊ शकतात. आईला ५५ असतानाही काहीच वाटलं नाही, असं एकदा जरी दिसलं, तर खर्च कुठून तरी काढून सलग लावावा लागेल. इन्सुलिन न घेणाऱ्या टाइप २ वाल्यांना वर्षभर सेन्सरची गरज सहसा नसते. अपवाद ग्लिमेपिराइडसारखी, शुगर फार उतरवू शकणारी गोळी घेणारे वयस्कर, विशेषतः मूत्रपिंड अधू असलेले. आणि ज्यांना मधुमेहच नाही त्यांनी जेवणानंतरचा १५५ बघून भाकरी सोडू नये.

अमेरिकेतून बहीण सेन्सर आणते म्हणाली तर आधी मॉडेल विचारा. तिथे २०२४ पासून चिठ्ठीशिवाय मिळणारा स्टेलो कमी शुगरचा अलार्म देत नाही आणि इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी तो नाहीच. शिवाय सेन्सर आणि ॲप देशाप्रमाणे बांधलेले असतात. तिकडचा सेन्सर इकडच्या ॲपने सुरू होईलच असं नाही, आणि खराब निघाला तर इथे बदलून मिळत नाही. इंग्लंडकडचा असेल तर आकडे वेगळ्या एककात येतील. ५.५ दिसलं तर घाबरू नका, १८ ने गुणा, ९९ आहे. सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ किंवा अंगठी मात्र कुणीही आणली तरी कपाटात ठेवा. अशा एकाही उपकरणाला मान्यता दिलेली नाही, असं एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं होतं.

सेन्सर लावणं दोन मिनिटांचं काम आहे, पण घाईत ५,००० वाया जातात. जागा दंडाची मागची बाजू, जिथे चिमटीत चरबी येते तिथे. खांदा आणि कोपर यांच्या मध्यापेक्षा थोडं वर. आईला तिचा नेहमीचा ब्लाउज घालायला सांगा आणि बाहीची कड कुठे येते ते पेनाने खुणा करून बघा. कड चकतीवर आली तर ब्लाउज काढताना सेन्सर सोबत निघतो, आणि सेन्सर अकाली निघण्याचं बायकांमधलं हे अगदी नेहमीचं कारण आहे. चकती पूर्ण बाहीच्या आत घ्या किंवा पूर्ण बाहेर. आई ज्या कुशीवर झोपते त्याच्या विरुद्ध दंड निवडा. त्या दिवशी अंगाला तेल नको, मॉइश्चरायझरवाला साबण नको. साध्या साबणाने धुवा, स्पिरिटच्या पट्टीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या, फुंकर मारू नका. अ‍ॅप्लिकेटर काटकोनात टेकवून दाबा, चकतीची कड बोटाने सगळीकडून अर्धा मिनिट दाबून धरा. थोडं रक्त आलं तर चालतं. थांबतच नसेल तर तो सेन्सर बहुधा चुकीचे, बरेचदा कमी आकडे देणार. लिब्रे सुरू व्हायला एक तास घेतो, जी७ अर्धा तास. पण पहिल्या २४ तासांतले आकडे कच्चे धरा. म्हणून शनिवारी सकाळी लावा, तुम्ही घरी असताना. त्या रात्रीच्या निर्णयांना मीटरच वापरा.

पहिल्या काही रात्रींत हमखास येणारा एक खोटा अलार्म ओळखून ठेवा. २ वाजून १० मिनिटांनी अचानक ५८, आलेखात रेषा कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली. आई सेन्सरच्या कुशीवर झोपलेली. दंड दाबला गेला की तिथला द्रव हटतो आणि आकडा पडतो. कूस बदलल्यावर १५-२० मिनिटांत रेषा तितक्याच झटक्यात वर येते. खरी घसरण अशी नसते. ती साडेबारापासून उतार धरते, १३०, ११०, ९५, ८१, आणि साखर घेतल्याशिवाय सहसा तशी वर येत नाही. पण रात्री आलेख वाचत बसू नका. अलार्म झाला की बोट टोचा, आकडा खरा असेल तर साखर द्या. आलेख सकाळी बघा.

कोकणात, मुंबईत किंवा मेमध्ये कुठेही घामाने कडा सुटतात. वरून लावायची पारदर्शक पट्टी मिळते, ती चकतीच्या मधल्या छिद्रावर चिकटवू नका. आंघोळ चालते. लिब्रे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तासच, त्यामुळे पोहण्याचं बेतानं. गोल लाल चट्टा आणि खाज उठली तर ती गोंदाची ॲलर्जी असू शकते. दुसऱ्या वेळी त्वचेवर संरक्षक फिल्म लावून बघा, तरीही उठलं तर दुसऱ्या कंपनीचा घ्या. एमआरआयच्या आधी अनेक सेन्सर काढावे लागतात, म्हणून तपासणीची तारीख सेन्सर संपण्याच्या दिवशी मागा. उघडायच्या आधी डब्यावरच्या अनुक्रमांकाचा फोटो काढा. सेन्सर मुदतीआधी बंद पडला तर कंपनीच्या ग्राहक सेवेला तोच नंबर लागतो, आणि बंद पडलेली चकती त्यांना विचारल्याशिवाय फेकू नका.

१४ दिवसांनी एजीपी नावाचा एक पानी अहवाल निघतो. पूर्ण १४ दिवसांत ७० टक्के तरी नोंद असेल तरच त्यावर विसंबायचं. त्यात आधी सगळ्यात खालचा पट्टा बघा. २०१९ च्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार बहुतेक प्रौढांसाठी ७० ते १८० मध्ये ७० टक्क्यांहून जास्त वेळ, ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी, ५४ च्या खाली १ टक्क्याहून कमी. वयस्कर आणि शुगर उतरण्याचा धोका असलेल्यांसाठी ७० ते १८० मध्ये ५० टक्के पुरतात, पण ७० च्या खाली १ टक्काच, म्हणजे दिवसाला जेमतेम १५ मिनिटं. आईला हा दुसरा मापदंड लावा. तिचं खालचं प्रमाण ५ टक्के आलं, म्हणजे रोजची ७२ मिनिटं, तर वरचे आकडे कितीही बरे असोत, आधी ते कमी करायचं. अहवालातला जीएमआय हा सरासरीवरून काढलेला एचबीए१सीचा अंदाज असतो. सरासरी १७१ असेल तर जीएमआय ७.४ येतो. प्रयोगशाळेतला एचबीए१सी त्यापासून अर्ध्या टक्क्याहून लांब असेल तर रक्तक्षय किंवा मूत्रपिंडाचा प्रश्न आहे का, ते डॉक्टरांना विचारा.

डॉक्टरांकडे जाताना या पानाबरोबर रोजची पानंही न्या, आणि त्यांवर पेनाने तीनच गोष्टी लिहा: इन्सुलिनची खरी वेळ, रात्रीच्या जेवणाची खरी वेळ, आणि उपवासाचे दिवस. डोस साडेसातला आणि जेवण मालिका संपल्यावर सव्वानऊला, हे अहवालात कुठेच दिसत नाही. पहिल्या १४ दिवसांत आईचं खाणं मुद्दाम सुधारू नका. साबुदाण्याची खिचडी रोजच्या वाटीभर प्रमाणातच खाऊ द्या, नाहीतर डॉक्टर एका वेगळ्याच बाईचा डोस ठरवतील.

चकती काढताना मात्र खोबरेल चालतं. कडेला थोडं चोळून पाच मिनिटं थांबा, मग हळूहळू सोला. सुईवाला अ‍ॅप्लिकेटर लावल्या लावल्याच जाड प्लास्टिकच्या डब्यात टाका, ओल्या कचऱ्यात नाही. नवा सेन्सर दुसऱ्या दंडावर. जुन्या जागेला निदान दोन आठवडे विश्रांती द्या.